ताप उतरल्यावर : विषाणूसंसर्गानंतरची मानसिक लक्षणे

विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर माणसाच्या मनात आणि वागण्यात जे बदल दिसतात, त्यांची व्याप्ती मोठी आहे. कुणाची झोप उडते, कुणाचे कशात मन लागत नाही, कुणाचा जीव विनाकारण घाबरा होतो. कुणाला काल बोललेले आज आठवत नाही. मोजक्या रुग्णांना भास होतात, घरच्यांवरच संशय येतो आणि क्वचित एखादा पूर्ण भ्रमिष्ट होतो. यांतले काही बदल ताप चढलेला असतानाच दिसतात, काही ताप उतरल्यावर दोन-चार आठवड्यांनी डोके वर काढतात आणि एका आजारात तर मधे पाच-दहा वर्षे जातात. कारणेही एकसारखी नसतात. कधी विषाणू स्वतः मेंदूत शिरलेला असतो. कधी तो केव्हाच गेलेला असतो, पण त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती शांत झालेली नसते. कधी दोष औषधाचा असतो, तर कधी आजारपणात गेलेल्या माणसाचे दुःख, कर्ज आणि एकटेपणा यांचा. त्यामुळे ‘विषाणूनंतरचा मनोविकार’ हे एका रोगाचे नाव मानता येत नाही. एकाच दाराशी येऊन थांबणाऱ्या अनेक वाटा असे त्याचे स्वरूप आहे, आणि उपचार कोणता हे रुग्ण कोणत्या वाटेने आला यावर ठरते.

हा प्रश्न गावपातळीवर कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण घेता येते. नगर तालुक्यातले, पर्जन्यछायेतले हे लहान गाव कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान आणि दरवर्षी ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद यांमुळे देशभर माहीत आहे. गावाचे नेतृत्व करणारे पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत या गावात चाळीसहून अधिक लोक कोरोनाबाधित झाले. स्वयंसेवकांची पथके करून घरोघर तपासणी, लक्षण दिसताच चाचणी, बाधितांचे विलगीकरण आणि गावाबाहेर ये-जा करणाऱ्यांवर नियम, अशा रीतीने गावाने साथ आटोक्यात आणली आणि मे महिन्याच्या मध्याला गाव कोरोनामुक्त झाले. राज्य सरकारने लगेच जूनमध्ये ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागातल्या पहिल्या तीन गावांना अनुक्रमे ५० लाख, २५ लाख आणि १५ लाख रुपयांची बक्षिसे ठेवली होती.

गाव कोरोनामुक्त झाले म्हणजे गावात संसर्ग असलेला माणूस उरला नाही. साथ रोखण्यासाठी हाच हिशेब योग्य होता. मनाच्या आणि मेंदूच्या लक्षणांचे घड्याळ मात्र नेमके तिथून पुढे सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘कोविडोत्तर अवस्थे’ची व्याख्या केली. तिच्यानुसार संसर्गाच्या सुरुवातीपासून साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे तिच्यात मोडतात. एप्रिलच्या मध्याला आजारी पडलेल्या माणसाचे तीन महिने जुलैच्या मध्याला भरतात. तोवर खरिपाची पेरणी उरकलेली असते, खुरपणी अंगावर आलेली असते आणि गावातली पथके केव्हाच आपापल्या कामाला लागलेली असतात. त्या वेळी एखादा शेतकरी बांधावर बसून राहू लागला, तर त्याचा तीन महिन्यांपूर्वीच्या तापाशी संबंध कुणी जोडत नाही.

लोकांचे शब्द

तापात मन बिघडते हे मराठी समाजाला नवे नाही. तापात बरळणे, वात होणे, सन्निपात होणे हे शब्द घरोघरी होते. विषमज्वर किंवा न्यूमोनियाचा रोगी रात्री उठून बसला, जवळच्या माणसाला ओळखेना, हवेत हात फिरवू लागला की जुनी माणसे म्हणत, ‘याला वात झालाय.’ आजचे वैद्यक याला डिलिरियम म्हणते. ही मेंदूची तीव्र, चढउतार होणारी गोंधळाची अवस्था असते. ती रात्री वाढते, म्हाताऱ्यांत आणि अतिदक्षता विभागात फार आढळते आणि मूळ आजार सुधारला की बहुतेक वेळा ओसरते.

तापानंतरच्या लक्षणांसाठी मात्र असा शब्द रुळला नाही. ‘अशक्तपणा आलाय’, ‘तापाने खाल्लंय’, ‘कुणाची तरी नजर लागली’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ यांत ती विखुरली. पहिल्या दोन बोलांनी निदान घरात कणव तरी निर्माण होते. शेवटच्या दोन बोलांनी रुग्ण देवऋषाकडे जातो आणि उपचाराचे मोलाचे आठवडे हातचे जातात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी उपचार गुन्हा ठरले खरे, पण देवऋषाकडे नेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना रुग्णाचे वाईट करायचे नसते. ताप जाऊन महिना झाल्यावर माणूस का बदलला, याचे दुसरे उत्तर त्यांना कुणी दिलेले नसते.

इन्फ्लुएंझाच्या साथी

या विषयाचे वैद्यकीय लेखन १८८९ ते १८९२ च्या ‘रशियन’ इन्फ्लुएंझानंतर जोमाने सुरू झाले. त्या साथीनंतर युरोपातल्या डॉक्टरांनी खोल उदासी, निद्रानाश आणि भ्रमिष्टपणाचे शेकडो रुग्ण नोंदवले. आधुनिक मनोविकारशास्त्राचे एक जनक एमिल क्रेपेलिन आणि लंडनचे ज्युलियस अल्थॉस यांनी त्यावर लिहिले. ताप सौम्य असूनही नंतरची उदासी तीव्र असू शकते, हे निरीक्षण त्याच काळातले आहे.

१९१८ ची साथ मुंबई बंदरातून जूनमध्ये आत आली. गोदीतले पोलीस पहिल्यांदा आजारी पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट कितीतरी प्राणघातक होती. लोकांनी या तापाला मानमोडी म्हटले. हिंदुस्थानातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत जातात, आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली. १९१८ साली पाऊसही रुसला होता. नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात ताप आणि दुष्काळ एकाच वेळी घरात शिरले. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते.

बोस्टनमध्ये कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरने १९१९ साली इन्फ्लुएंझानंतर मनोविकार झालेल्या शंभर रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे तेव्हाच्या भाषेत ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, म्हणजे आजच्या स्किझोफ्रेनियासारखी होती. त्या काळी हे निदान म्हणजे आयुष्यभराची शिक्षा समजली जाई. पुढे काही वर्षांनी मेनिंजरने त्याच रुग्णांचा माग काढला, तेव्हा त्यांतले अनेक जण बरे झालेले आढळले. संसर्गानंतर आलेला भ्रमिष्टपणा दिसायला कितीही भयंकर असला तरी त्याचा शेवट चांगला होऊ शकतो, ही या विषयातली सर्वांत धीर देणारी जुनी नोंद आहे. नॉर्वेतल्या मनोरुग्णालयांच्या नोंदींवरून पुढे असेही दिसले, की इन्फ्लुएंझाशी जोडलेल्या मनोविकारांच्या पहिल्यांदा होणाऱ्या भरत्या १९१८ नंतर सलग सहा वर्षे वाढलेल्या होत्या.

याच दशकात एन्सेफलायटिस लेथार्जिका नावाचा निद्राज्वर जगभर पसरला. व्हिएन्नाच्या कॉन्स्टन्टिन फॉन इकोनोमो यांनी त्याचे १९१७ साली वर्णन केले. वाचलेल्या मुलांपैकी काहींचा स्वभाव पार पालटला. शांत मुले क्रूर, उतावळी, रात्रभर जागणारी झाली, तर मोठ्यांत पुढे कंपवातासारखा ताठरपणा आला. हा आजार इन्फ्लुएंझामुळेच झाला हे सिद्ध झालेले नाही. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या काही केंद्रांना इजा झाली की स्वभाव बदलतो, हे त्याने वैद्यकाला दाखवून दिले. तोवर असा बदल वळण न लावल्याचा परिणाम समजला जाई.

मनापर्यंत जाणाऱ्या वाटा

पहिली वाट थेट आहे. काही विषाणू मेंदूच्या पेशींत शिरतात. नागिणीच्याच कुळातला, ओठांवर जर आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू मेंदूत गेला तर कानशिलामागच्या भागाला पोखरतो. स्मृती आणि भावना यांची केंद्रे तिथेच असल्याने पहिली लक्षणे बरेचदा मनाची वाटतात. कालपर्यंत नीट असलेला माणूस असंबद्ध बोलतो, नसलेले वास येतात म्हणतो, घरच्यांवर धावून जातो. ताप आणि डोकेदुखी सोबत असते, पण घरच्यांचे लक्ष वागण्यावर खिळते. उपचाराविना या आजारात सुमारे सत्तर टक्के रुग्ण दगावतात. असायक्लोव्हिर शिरेतून वेळेवर सुरू झाले तर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. ताप आणि अचानक बदललेले वागणे एकत्र दिसले तर रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचला पाहिजे, या नियमाचे कारण हेच. रेबीजमध्येही सुरुवातीचे दोन-तीन दिवस बेचैनी, भीती आणि निद्रानाशाचे असतात, पण पुढे उपाय उरत नाही.

दुसरी वाट प्रतिकारशक्तीची. तिच्यातला सर्वांत स्पष्ट नमुना २००७ साली होसेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी वर्णन केला. शरीर मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि रुग्ण, बहुधा तरुण स्त्री, काही दिवसांत भास, संशय, विचित्र हालचाली, झटके आणि मग गप्प होऊन ताठरणे अशा क्रमाने खालावते. अशा अनेक मुली आधी मनोरुग्णालयात दाखल झाल्या आहेत. २०१८ च्या एका अभ्यासात हर्पिसचा मेंदूज्वर झालेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्क्यांना नंतर असाच स्वप्रतिकारक मेंदूविकार झाला. ताप गेला, विषाणू गेला, रुग्ण घरी आला आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला, तर तो विषाणू परत आला असेच धरून चालत नाही. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलून हा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. मनोविकारशास्त्रात इतके ठाम कारण आणि इतका ठाम उपाय क्वचितच हाती लागतो.

प्रतिपिंडांइतकी नाट्यमय नसलेली, पण कितीतरी अधिक लोकांना गाठणारी वाट दाहाची आहे. तापात शरीर सायटोकाइन नावाची रसायने सोडते. त्यांच्यामुळेच आजारी माणसाला भूक लागत नाही, माणसे नकोशी होतात, अंथरूण धरून पडावेसे वाटते. शरीराने आपली शक्ती वाचवण्यासाठी केलेली ही सोय आहे. ती वेळेत आवरली नाही तर तिचे रूप उदासीच्या आजारासारखे दिसते. याचा जवळजवळ प्रयोगासारखा पुरावा हेपॅटायटिस सी च्या जुन्या उपचारातून मिळाला. त्या रुग्णांना इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीचेच रसायन महिनोन्‌महिने टोचले जाई, आणि त्यांतल्या सुमारे पाव ते एक तृतीयांश रुग्णांना वैद्यकीय अर्थाने नैराश्य येई. मन खंबीर असलेलेही त्यातून सुटत नसत. इंटरफेरॉनमुळे ट्रिप्टोफॅन हे अन्नातून मिळणारे द्रव्य दुसऱ्याच रासायनिक वाटेला लागते आणि सेरोटोनिनसाठी कमी उरते, हा त्यामागचा एक मान्य खुलासा आहे. ‘मनाने घेतलंय’ असे म्हणून उठून जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला ही गोष्ट सांगायला हवी.

याशिवाय बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे, प्राणवायू कमी पडणे आणि विषाणूचे अवशेष आतड्यासारख्या अवयवांत टिकून राहणे या शक्यतांवर कोविडनंतर बरेच काम झाले. त्यांतल्या कोणत्याही एकीने सगळा उलगडा होत नाही.

महाराष्ट्रातले विषाणू

कोविडवर सगळे लक्ष एकवटले, म्हणून आपल्याकडच्या इतर विषाणूंचा मनाशी असलेला संबंध झाकला गेला आहे. गोवर हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मोजक्या मुलांच्या मेंदूत तो विषाणू गुपचूप राहतो आणि साधारण सहा ते दहा वर्षांनी एसएसपीई नावाचा आजार सुरू होतो. आरंभी मूल शाळेत मागे पडते, हट्टी होते, वस्तू विसरते. शिक्षक तक्रार करतात, घरी मार बसतो. काही महिन्यांनी अंगाला हिसके येऊ लागल्यावर खरे कारण कळते, आणि तोवर हातात फार थोडे उरलेले असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. त्या वेळच्या तान्ह्या बाधितांतल्या कुणाला हा आजार होणारच असेल, तर त्याची वेळ या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे आहे. लस वेळेवर देणे हाच त्यावरचा खरा उपाय.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्याच्या सत्तरीत गेल्या दशकभरात माकडताप पसरला. काजूच्या बागांत काम करणारे लोक गोचिडीमुळे बाधित होतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातून हा विषाणू ओळखला. थोड्या रुग्णांत एकदा उतरलेला ताप आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि या दुसऱ्या फेरीत तीव्र डोकेदुखी, कंप आणि मानसिक गोंधळ दिसतो.

चिकुनगुनियाने २००६ च्या सुमारास महाराष्ट्राचा मोठा भाग लोळवला. सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. शेतमजूर बाईला सकाळी मूठ मिटता येत नाही, मजुरी बुडते, घरात तिच्यावर आळसाचा ठपका येतो. या दुखण्यात उदासी किती विषाणूची आणि किती परिस्थितीची, हे वेगळे काढणे कठीण असते. इथे ऑस्ट्रेलियातल्या डबो गावाच्या परिसरातला अभ्यास फार उपयोगी पडतो. तिथे चिकुनगुनियाच्याच कुळातला रॉस रिव्हर विषाणू, ग्रंथिज्वर आणि क्यू ताप (हा जिवाणूजन्य) झालेल्या २५३ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक दीर्घ थकव्याने त्रस्त होते. कोण त्रस्त राहील हे आधीच्या स्वभावावरून वा मानसिक इतिहासावरून ठरले नाही, तर मूळ आजार किती तीव्र होता यावरून ठरले. तीन अगदी वेगळे जंतू आणि शेवटी सारखाच थकवा, हा निष्कर्ष २००६ चा आहे. कोविड येण्याच्या चौदा वर्षे आधी तो छापून आला होता, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही याची किंमत पुढे लाखो रुग्णांनी मोजली.

एचआयव्हीबाबत हिवरे बाजारचा पुन्हा उल्लेख करावा लागतो. विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी करावी, असा निर्णय या गावाने ग्रामसभेत घेतला होता. प्रतिबंधाच्या अंगाने त्याची बरीच चर्चा झाली. एचआयव्ही मेंदूत लवकर पोचतो, आणि उपचाराविना विचार मंदावणे, उदासीनता व पुढे स्मृतिभ्रंशापर्यंत मजल जाते. उपचाराने हे बरेच टळते, पण पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झ या गोळीने काहींना भयंकर स्वप्ने पडत आणि नैराश्य येई. आता तिच्या जागी मुख्यतः डोलुटेग्रॅव्हिर आले आहे. निदान कळल्याचा धक्का आणि गावातली कुजबुज यांचा मनावरचा भार विषाणू आणि औषध या दोन्हींपेक्षा कमी नसतो. त्यामुळे चाचणी करायला लावणाऱ्या कोणत्याही गावाने चाचणीनंतरच्या समुपदेशनाची आणि गुप्ततेची तजवीज आधी करायला हवी.

कोविडचे आकडे

कोविडनंतरच्या मानसिक लक्षणांवर जितकी मोजदाद झाली, तितकी आधीच्या कोणत्याही साथीत झाली नव्हती. मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात पहिल्या लाटेतल्या ४०२ रुग्णांना महिन्याभराने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत नैराश्य, चिंता, निद्रानाश वा आघातानंतरची लक्षणे यांपैकी किमान एक आढळले. ऑक्सफर्डच्या मॅक्सिम टाके, पॉल हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २,३६,३७९ रुग्णांच्या, मुख्यतः अमेरिकेतल्या, नोंदी अभ्यासल्या. सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्क्यांना मेंदूचे वा मनाचे काही निदान झाले होते, आणि सुमारे १३ टक्क्यांना ते आयुष्यात पहिल्यांदाच झाले होते. इन्फ्लुएंझाच्या रुग्णांशी तुलना करता हा धोका ४४ टक्क्यांनी जास्त होता. आधीचे निदान असलेल्यांना वगळून तो १३ टक्क्यांचा आकडा वाचला पाहिजे. बातम्यांत मात्र पहिलाच आकडा गाजला आणि लोकांची धास्ती वाढली.

त्याच गटाने २०२२ साली पावणेतेरा लाखांहून अधिक रुग्णांचा दोन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यात चिंता आणि नैराश्य यांचा वाढलेला धोका सुमारे दोन महिन्यांत पूर्वपदावर आलेला दिसला. विचारांतला मंदपणा, म्हणजे लोक ज्याला ‘ब्रेन फॉग’ म्हणू लागले तो, तसेच भ्रमविकार, फेफरे आणि वृद्धांतला स्मृतिभ्रंश यांचा धोका मात्र दोन वर्षांनंतरही जास्तच होता. या निष्कर्षाचा व्यवहारात सरळ उपयोग आहे. कोविडनंतर आलेली धास्ती बहुतेकांची जाते, हे रुग्णाला खात्रीने सांगता येते. विसरभोळेपणाबद्दल इतके खात्रीने बोलता येत नाही. ब्रिटनमध्ये १,१२,९६४ लोकांच्या चाचण्यांवर आधारलेल्या २०२४ च्या अभ्यासात सौम्य कोविडमधून पूर्ण बऱ्या झालेल्यांतही बुद्ध्यंकाच्या तीन गुणांएवढी घट दिसली, आणि लक्षणे टिकून राहिलेल्यांत सहा गुणांएवढी. तीन गुणांनी एका माणसाचे रोजचे जगणे अडत नाही. हिशेब ठेवणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला किंवा दहावीच्या मुलाला सहा गुणांचा फरक जाणवू शकतो.

हे आकडे परदेशातले आहेत. दुसऱ्या लाटेतल्या नगर जिल्ह्यात त्यांत इथली परिस्थिती मिसळली. खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी धावाधाव, शेवटचे दर्शन न होता झालेले अंत्यसंस्कार, खासगी बिलांसाठी मोडलेले दागिने, दहाव्याला चार माणसेही न जमणे. माणूस गेला की गाव घरी येऊन बसते आणि दुःखाला वाट मिळते, ही आपली जुनी सोय त्या दोन वर्षांत मोडली. सुतक एकट्याने काढणे हा या पिढीला पहिल्यांदाच आलेला अनुभव होता, आणि त्या काळच्या उदासीत त्याचा वाटा मोठा मानला पाहिजे.

औषधेही कारण ठरली. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनने गंभीर कोविडमधले मृत्यू कमी होतात हे सिद्ध झाले. दुसऱ्या लाटेत मात्र स्टिरॉइड गरज नसलेल्यांनाही आणि गरजेपेक्षा जास्त दिवस दिले गेले. त्याचे काळ्या बुरशीच्या रूपातले परिणाम सर्वांनी पाहिले. मनावरचे परिणाम कमी बोलले गेले. प्रेडनिसोलोनचा रोजचा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना सुमारे एका टक्क्याला मानसिक विकृती होते, ८० मिलिग्रॅमच्या वर हे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत जाते, असे १९७२ पासून माहीत आहे. झोप न येणे, अति उत्साह, बडबड, संशय अशी ही लक्षणे असतात, आणि औषध एकदम बंद केले की उलट उदासी येते. म्हणून तपासणीत पहिला प्रश्न औषधाच्या चिठ्ठीचा असावा.

निदान आणि उपचार

ताप आणि बदललेले वागणे, नवे फेफरे, पाठोपाठ वाढत जाणारी गुंगी, बोलताना अडखळणे, काही दिवसांतच पूर्ण पालटलेले व्यक्तिमत्त्व, यांपैकी काहीही असेल तर मेंदूतज्ज्ञाकडे तातडीने जावे लागते. तिथे एमआरआय, ईईजी आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी होते. हे धोक्याचे काही नसेल तर रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ पाहावे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते आणि तिची लक्षणे थकवा, मुंग्या, विसराळूपणा अशी अगदी सारखी असतात. त्यानंतर उरते ते नैराश्य, चिंता आणि दीर्घ थकवा.

नैराश्याची नेहमीची औषधे विषाणूनंतरच्या नैराश्यातही उपयोगी पडतात, आणि ती सवय लावतात हा गैरसमज आहे. थकव्याची गोष्ट वेगळी. श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो कोसळतो त्याला ‘हळूहळू व्यायाम वाढव’ हा सल्ला घातक ठरतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ साली दीर्घ थकव्याच्या आजारात असा ठरावीक चढता व्यायाम देऊ नये, असा बदल केला. दिवसाच्या शक्तीचा अंदाज घेऊन काम तुकड्यांत करणे, हा त्यावरचा मार्ग. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पीक ठरवणाऱ्या गावाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. जेवढे साठ्यात आहे तेवढेच पीक घ्यायचे, हे तत्त्व तिथले शेतकरी दरवर्षी पाळतात.

डॉक्टर मात्र थोडे आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. नगरच्या खेड्यातल्या माणसासाठी त्यांतले येरवडा सर्वांत जवळचे, आणि ‘येरवड्याला धाडणे’ या शब्दप्रयोगाची दहशत अंतरापेक्षा मोठी. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा यांचे महत्त्व मोठे आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.

प्रशिक्षित गावकरी हे काम करू शकतात, हे महाराष्ट्रात आणि गोव्यात दिसून आले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने तीस गावांत दीड वर्ष काम केले. त्या काळात नैराश्य असलेल्यांपैकी सेवेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगत’ संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून सहा ते आठ बैठकांची पद्धत बसवली. तीन महिन्यांनी तिचा लाभ घेतलेल्यांपैकी ६४ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात शेतकरी कुटुंबांतल्या उदासीची प्राथमिक चाचपणी आशा कार्यकर्त्याच करतात.

साथीत ज्या पथकांनी घरोघर ताप आणि प्राणवायू मोजला, त्यांच्या वहीत आणखी दोन रकाने मावतात. बाधित माणसाला महिन्याने आणि पुन्हा तीन महिन्यांनी विचारायचे : रात्री झोप लागते का, आणि पूर्वी जे काम सहज होत होते ते आता होते का. दोन्हींपैकी एकाचे उत्तर ‘नाही’ आले तर तिसरा प्रश्न, जगणे नकोसे वाटते का, हा आडून न विचारता सरळ विचारायचा. सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला मोकळीक मिळते, असे आत्महत्या-प्रतिबंधाचे अभ्यास सांगतात. घरी जाणारी आशाताई त्या माणसाला ओळखत असते. तो पूर्वी कसा होता, पारावर किती वेळ बसायचा, गोठ्यात किती वाजता दिसायचा, हे तिला माहीत असते, आणि व्यक्तिमत्त्वातला बदल मोजायला याहून चांगले साधन जिल्हा रुग्णालयातही नाही.